बंदूक रिकामी कशी पाठवायची

बंदूक उडाली ती आत्तीच्या मांडीखालून. आत्ती म्हणजे माझी सासू. ती बैलगाडीत वाकळेवर बसली होती, वाकळेखाली कडबा होता आणि कडब्यात बंदूक. धूर विरला तेव्हा उजवा बैल गुडघे टेकून बसला होता आणि माझा नवरा जुवाजवळ रस्त्यात पडून स्वतःच्या पायाकडं बघत होता, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा. पोटरीत छर्रे शिरले होते. संस्थानच्या नाक्यावरचा शिपाई गाडीच्या मागं उभा होता. त्याचा हात अजून कडब्यातच होता. आम्ही चोरून तंबाखू नेतोय असं त्याला वाटलं होतं. हाताला लोखंड लागलं म्हणून त्यानं ओढलं आणि बंदूक गाडीच्या लाकडावर आपटली.

पहिल्यांदा बोलली आत्ती.

"आता अण्णाला काय सांगू? रिकामी झाली की."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बंदूक त्याची, ठासणीची. पिकाची राखण करायला म्हणून सरकारनं त्याच्या नावावर परवाना दिला होता. आमच्या भुईमुगात डुकरं शिरली तेव्हा अण्णानं ती आम्हाला कुदळ द्यावी तशी दिली. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मग कचेरीतून त्याला निरोप आला की परवाना आणि बंदूक दाखवायला घेऊन या. म्हणून ती परत पोचवायची होती. आमचं गाव इंग्रजांच्या मुलखात, अण्णाचंही इंग्रजांच्याच, पण जवळची वाट मधे संस्थानातून जायची. निपाणीवरून वळसा घालता आला असता. माझ्या नवऱ्याला वळसा म्हटलं की कंटाळा यायचा.

निघताना त्यानं बंदूक रिकामी करून, नळी पुसून ठेवली होती. आत्ती उंबऱ्यात आडवी आली.

"रिकामी निघालास?"

आमच्यात शेजाऱ्याची वाटी आली तरी रिकामी परत जात नाही. निदान गुळाचा खडा, मूठभर शेंगा, काहीतरी घालायचंच. ही तर तिच्या माहेरची वस्तू.

"बंदुकीत शेंगा भरू व्हय?" नवरा हसला.

"बंदुकीत जे घालत्यात ते घाल. भावजय नावं ठेवंल मला."

त्यानं दारू भरली, छर्रे भरले, वर चिंधी ठासली. मी म्हणाले, ती तांब्याची टोपी तरी बसवू नका, तिच्याशिवाय बार होत नाही. आत्तीनं माझ्याकडं बघितलं. "अर्धंमुर्धं कोण देतं गं?" टोपीही बसली. माझा नवरा आईला कधी नाही म्हणाला नाही. सगळे नकार त्यानं माझ्यासाठी राखून ठेवले होते.

तर नाक्यावर. मी पदर फाडून त्याच्या पोटरीला घट्ट बांधला. शिपायानं बंदूक बाहेर काढली. दस्त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. तो एका दगडावर बसला.

"परवाना कुणाचा?"

"माझ्या भावाचा," आत्ती म्हणाली.

"भाऊ कुठाय?"

"घरी."

"आन कागुद?"

"त्याच्याजवळच. वाटंत हरवला म्हंजे?"

"म्हंजे धनी घरात, कागुद घरात, आन बंदूक तेवढी गावाला निघाली." त्यानं घाम पुसला. "म्हातारे, ज्याच्या नावचा परवाना त्येनंच बंदूक न्यायची. कागुद संगं पायजे. गाडीत घातली तर रिकामी पायजे, दारू येगळी बांधून. आन संस्थानात इंग्रजाचा कागुद चालत न्हाय, दरबारची परवानगी लागती. तुमी यातलं एक तरी केलंसा का?"

"रिकामी कशी पाठवायची?"

"भांडं हाय व्हय ते?"

मग त्याचं लक्ष बसला होता त्या दगडाकडं गेलं. तो शिवेचा दगड होता. बैल संस्थानात आणि गाडीची चाकं इंग्रजांत होती. तो उठला, एकदा हिकडून एकदा तिकडून बघितलं आणि म्हणाला, "बार इंग्रजात झालाय."

"छर्रे तुमच्यात लागल्यात," नवरा खालून म्हणाला.

"लागू देत. सुरवात कुठनं झाली ते बघायचं."

त्याचाच हात कडब्यात होता, हे तो विसरला नव्हता. तो जवळ येऊन हळू बोलू लागला. बंदूक त्या रस्त्याकडंच्या विहिरीत टाका, गाडी मागं घ्या, मी काय बघितलं न्हाय. फक्त निपाणीच्या दवाखान्यात जाऊ नका. डाक्टर छर्रे बघंल, फौजदाराला कळवंल, मग पोरगा तुरुंगात आणि तुमच्या भावाचा परवाना गेला.

"अण्णाकडंच जाऊ," आत्ती म्हणाली. "भावजय पाला बांधती."

"व्हय, अण्णाकडंच," नवराही म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. पदर भिजून रक्त पुन्हा मातीत गळत होतं. पाला म्हशीचा पाय सुजला तर बांधतात, हे मला माहीत होतं.

"आत्ती, भावाचा परवाना पायजे का पोरगं पायजे, ते आत्ताच सांगा. मग मला रडायला बोलवू नका."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी थोबाडीत बसणार म्हणून तोंड वळवलं. "तोंड लई चाललंय तुझं," ती म्हणाली. मग शिपायाला म्हणाली, "बंदूक गाडीत ठेव. वर, दिसंल अशी. निपाणीला जायाचं."

उजवा बैल उठेना. त्याला सोडून त्याच्या जागी जुवाला शिपाई आणि मी लागलो. शिपायाला आम्ही लवकरात लवकर इंग्रजांत गेलेले हवे होते, म्हणून त्यानं बैलापेक्षा बरं ओढलं. पुढच्या मळ्यात एकानं बैल दिला तेव्हा शिपाई माघारी फिरला.

डॉक्टरनं काही छर्रे काढले, काही आतच राहिले. संध्याकाळी फौजदार आला. आत्ती खाटेशेजारी जमिनीवर बसली होती.

"बंदूक कुणी भरली?"

"मी भराय लावली. वर मीच बसल्याली."

"हा गुन्हा आहे, आजी."

"असंल. पोरगं आत्ता झोपलंय, जरा हळू बोला."

खटला चालला. नवरा लंगडत थोडे दिवस तुरुंगात जाऊन आला. आत्तीला म्हातारी म्हणून दम देऊन सोडलं, याचा तिला रागच आला. अण्णाचा परवाना गेला, बंदूक सरकारजमा झाली आणि डुकरांनी दोन्ही गावांचा भुईमूग खाल्ला. दिवाळीला अण्णा ओवाळून घ्यायला आला नाही. आत्तीनं डबाभर लाडू पाठवले. डबा परत आला तो रिकामा. तिनं तो उपडा करून बघितला, फडताळात ठेवला आणि पुन्हा कधी वापरला नाही.

उजवा बैल नाक्यावरच मेला. नवरा जगला.