नदीपलीकडची चार नावं

२०२३ साल. मला एकाहत्तर वर्षं पुरी झाली होती, आणि त्या शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, मी देवावर इतका वैतागलो होतो की आमच्या ग्रामदेवाच्या, रवळनाथाच्या समोरून जाताना हातसुद्धा जोडत नव्हतो.

कारण सांगतो. कोरगावात आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, मांडावर शिगम्याचं नमन म्हणायचा मान आमच्या घराचा. आंबे मोहरले, काजूला बोंडं धरली की गाव मांडावर जमतो. मांड म्हणजे शेणाने सारवलेली मोकळी जागा, दुसरं काही नाही, पण नमन झाल्याशिवाय तिथे ढोलाला काठी लागत नाही. नमनात देवांना एकेक करून नावाने बोलवायचं. आधी आपल्या गावचे, मग शिवेवरचे, मग नदीपलीकडचे, मग फिरून घरी. क्रम मोडायचा नाही, आणि धरलेलं नमन अर्धं सोडायचं नाही. अर्धं राहिलं तर त्या वर्षी मांड मुका. ढोल उचलून घरी न्यायचे. माझ्या जन्मात तसं झालेलं नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो, तेही मार खाऊन. पण नमन बापाच्या तोंडून ऐकून पाठ केलं आणि चाळीस वर्षं एक शब्द न चुकता म्हटलं. माझ्या मुलाने, गुरुदासने, दोनतीनदा विचारलं होतं, "बाबा, माकाय शिकय." मी म्हणायचो, "मी मेल्यार शीक." मेल्यावर शिकवणार कोण, हे काही मला सुचलं नाही.

पौषात मला झटका आला. जीभ जड झाली, डावा हात लुळा पडला, आठ दिवस इस्पितळात काढले. हात परत आला, जीभही आली. पण घरी येऊन परसात बसलो, नमन मनातल्या मनात म्हणू लागलो, तर नदीपाशी थांबलो. पलीकडचे देव नाहीत. चार नावं होती, चारही गेली. लहानपणी मेलेल्या म्हशीचं नाव आठवतं, तिच्या रेडकाचं आठवतं, आणि देवांची नाहीत. असा संताप आला की काय सांगू. विचारायचं तर कोणाला? जुनी माणसं गेली. असती तरी मी विचारलं नसतं.

दोन महिने कोणाला कळू दिलं नाही. शेवटी देवळात जाऊन कौल मागितला. कशाचा ते गुरवालाही सांगितलं नाही. देवाच्या अंगाला चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. अर्धा दिवस बसून राहिलो. पाकळी पडलीच नाही.

गुरव म्हणाला, "देव विचार करता."

"माझेकडेन तितको वेळ ना, सांग ताका," म्हटलं आणि उठून आलो.

शिगम्याच्या दिवशी दुपारी आणखी एक ताप. वाड्यातल्या पोरांनी भाड्याने गाण्याचे बॉक्स मागवले होते. टेंपोतून माणसाएवढे काळे बॉक्स उतरू लागले. मी काठी आडवी धरली. "हे मांडार येवचे ना."

टेंपोवाला पन्नाशीचा, सिंधुदुर्गातला. बोलण्यावरून कळत होतं. म्हणाला, "आजोबानू, माका भाडा मिळाला म्हणान हाडलंय. माका कित्याक वरडतास?"

"तुका न्हय तर कोणाक वरडू? हे काळे रेडे तूच हाडलेस न्हय?"

"रेडे आसते तर आपल्या पायान इले आसते. हे माका उचलूचे लागले."

पोरं हसली. मी आणखी चिडलो. तो घाम पुसत टेंपोच्या सावलीला जाऊन बसला, आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्याकडे शिगम्याला दारात आलेल्याला असं कोणी वागवत नाही.

ऊन उतरल्यावर मांडावर नारळ ठेवला, हात जोडले. 'आज मला शिगमा नाही, माझी लाज निघणार' एवढंच मनात. नमन धरलं. गावचे देव झाले, शिवेवरचे झाले, आणि नदीपाशी आवाज थांबला. ढोलवाल्यांच्या काठ्या वर धरलेल्या. सगळा वाडा माझ्या तोंडाकडे बघत होता. गुरुदास मात्र खाली जमिनीकडे बघत होता, आणि तेव्हा मला समजलं की त्याला कधीपासून ठाऊक होतं.

एवढ्यात मागून आवाज आला. त्याच चालीवर, एक नाव. पलीकडच्या काठच्या देवाचं. वळून बघितलं तर टेंपोवाला. चपला बाजूला काढलेल्या, हात जोडलेले, मांडाच्या कडेला उभा. मी ते नाव त्याच्या मागून म्हटलं. त्याने दुसरं घेतलं, तेही म्हटलं. तिसरं, चौथं. मग पुढची माझी मला सापडली, संध्याकाळी गुरं आपापली वाट धरतात तशी, आणि नमन घरी पोचलं. ढोल वाजला. मी तिथेच खाली बसलो.

मग त्याला गाठून विचारलं, "तुका आमचें नमन कशें येता?"

"तुमचा नाय, आमचा म्हटलंय," तो म्हणाला. त्याचं नाव लवू, आरोंद्याचा, नदीच्या त्या काठचा. "आमच्या नमनात आमचे देव आदी, तुमचे मागसून. तुम्ही नदीर थांबलास. माका वाटला, आमच्या गावचो माणूस हंयसर आसा म्हणान मान देतास."

त्याला पाणी दिलं, गूळ दिला. बॉक्स शेवटी मांडाच्या कडेला लागले, मी काठी आडवी धरली नाही.

घरी जाताना शेजारी म्हणाला, "औंदा नमन जोडीन म्हटलात, बरें दिसलें." मी मान हलवली, चोरासारखी.

याला चमत्कार म्हणा असं मी सांगत नाही. टेंपो कुठल्याही गावचा येऊ शकला असता. आरोंद्याचा आला, आणि मी इतकं वाईट बोलूनही तो रागाने निघून गेला नाही, एवढं मी बघितलं. देवाने नमन सांभाळलं, मांड सांभाळला, लवूच्या मनात माझ्याबद्दल चांगलंच आणलं. माझा ताठा तेवढा त्याने हातात घेतला नाही. तो माझा मलाच खाली ठेवायचा होता. गुरुदास सोडला तर कोणाला काही कळलं नव्हतं, मी तसाच मानाने मेलो असतो. पण त्या रात्री पडल्या पडल्या रवळनाथाला हात जोडले आणि दोन महिन्यांनी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदासला म्हटलं, गाडी काढ. पूल ओलांडून आरोंद्याला गेलो, विचारत विचारत घर शोधून काढलं. लवू अंगणात दात घाशीत होता. मला बघून दचकला. "आजोबानू, बॉक्साक कायतरी झाला?"

"बॉक्साक काय जावंक ना. माका तीं चार नांवां येनात. झटक्यात गेलीं. शिकय."

त्याने धावत जाऊन खुर्ची आणली. मी खुर्चीवर बसलो नाही. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलो आणि गुरुदासला शेजारी बसवलं. लवूने तोंड धुतलं, पंच्याला हात पुसले आणि पहिलं नाव घेतलं. आम्ही दोघांनी त्याच्या मागून म्हटलं.