इंगवले सरांचं मार्गदर्शन

प्रताप इंगवले सरांसमोर चहाचा कप ठेवला, की तो कप राहायचा नाही, खेळाडू व्हायचा. बशी म्हणजे गोल, साखरेचं भांडं म्हणजे गोलकीपर आणि आम्हा सगळ्यांचे कप म्हणजे समोरच्या संघाचा बचाव. "ह्यो डावीकडनं आला, त्याला असा सोडला. ह्यो मधला लई धिप्पाड. त्याला वाटलं, मी पास देणार." मग चमचा त्या कपांतून वाट काढत निघायचा आणि बशीवर टणकन वाजायचा. भारताच्या संघाकडून परदेशात मारलेला हा त्यांचा गोल. आमच्या स्टाफरूममध्ये तो पहिल्यांदा झाला तेव्हा वाटेत दोन खेळाडू होते. दिवाळीपर्यंत पाच झाले. कप कमी पडले की कँटीनमधून मागवावे लागत. तरीही दर वेळी आम्ही पदवीधर, द्विपदवीधर माणसं श्वास रोखून त्या चमच्याकडे बघत असायचो.

मी जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयात कोणी फिरकत नाही, म्हणजे ग्रंथपालाला वेळ असतो, असा संस्थेचा हिशेब. त्यामुळे क्रीडा समितीचा सचिवही मीच. मुलींचा फुटबॉल संघ काढायचं ठरलं तेव्हा भुसावळच्या रेल्वे कॉलनीत खेळलेल्या एखाद्या माणसाला बोलवावं, असं मी सुचवलं. आमचे अध्यक्ष नाना हसले. "चौधरी सर, नाव असं पाहिजे, की फ्लेक्स लावला तर मोटरसायकलवाल्यानं ब्रेक मारला पाहिजे." आणि नानांनी थेट कोल्हापूरहून इंगवले सरांना आणलं. निवृत्तीनंतर ते टीव्हीवर सामन्यांचं मराठीत समालोचन करत, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता तेही त्यांना ओळखत. ब्रेक मारले गेले. प्रवेशही वाढले. कॉमर्सचे प्रवेश फुटबॉलमुळे का वाढावेत, हे मला अजून समजलेलं नाही.

त्यांच्या नेमणुकीत शब्द होता 'मार्गदर्शक'. आमच्याकडे मार्गदर्शन ही माईकवरून करायची गोष्ट आहे. ती हारतुऱ्यांनंतर आणि आभारप्रदर्शनाच्या आधी येते. पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, "सर, आता दोन शब्द मार्गदर्शन करा." इंगवले सरांनी माईक बाजूला सारला. "नाना, मार्गदर्शन पायानं करायचं असतंय. मैदान कुठं हाय ते दाखवा." टाळ्या पडल्या. मीही मनापासून वाजवल्या. समारंभांचा मला कंटाळा आहे आणि हा माणूस त्यातून सुटलेला आहे, असं मला वाटलं.

पहिले काही महिने खरंच तसे होते. सकाळी ते मुलींच्या आधी मैदानावर असायचे. "बॉल बघू नका गं, बॉल कुठं पळून जात न्हाई. माणूस बघा." "घाबरलीस तर घाबर, पर पाय हलव." मुली त्यांची नक्कल करत आणि ते ती ऐकून आणखी जोरात ओरडत. दुपारी मेसमधल्या शेवभाजीवर त्यांचा राग असायचा. "तांबड्या रश्श्यात फरसाण पडलं, म्हणून त्याचा पदार्थ हुतो व्हय?" मुली म्हणायच्या, "सर, वाटी तिसरी आहे तुमची."

सुमन पाटील त्यांनीच शोधली. पारोळ्याजवळच्या खेड्यातली, उंच, कमी बोलणारी. वर्गात खडूचा डबा टेबलावरून घसरला तो तिने जमिनीला लागायच्या आत झेलला, एवढ्यावर त्यांनी तिला गोलकीपर केलं. तिचे वडील तिला कॉलेजातून काढायला निघाले, तेव्हा सर मला घेऊन त्यांच्या गावी गेले. ओसरीवर बसलेले आबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. "टीव्हीमा दिखतस त्याच शेतस का तुम्हीन?" सर म्हणाले, "त्योच की." मग बोलणं सोपं झालं. ठरलं असं, की या वर्षी पोरगी विद्यापीठाच्या संघात गेली तर शिक्षण पुरं होईपर्यंत लग्नाचा विषय निघणार नाही. नाही गेली तर घरी यायचं. इंगवले सरांनी आबांचा हात हातात घेतला. "तुमची पोर विद्यापीठाच्या संघात दिसंल. माझा शब्द हाय." टीव्हीवरच्या माणसाचा शब्द, म्हणून आबांनी तो घेतला. आमच्यातल्या कोणी दिला असता तर पाणी पाजून वाटेला लावलं असतं.

पण नाव विकत घेतलं की त्या नावाला घरात बसवून ठेवणं कोणाला परवडत नाही. नाना सरांना शोरूमच्या उद्घाटनाला नेऊ लागले, केळी उत्पादकांच्या मेळाव्याला नेऊ लागले. मधूनच टीव्हीवाले बोलवायचे. सराव मोबाइलवर होऊ लागला. गोलच्या खांबाला फोन बांधलेला आणि त्यातून आवाज: "सुमे, पुढं ये! सुमे, दिसत न्हाईस!" सुमन फोनच्या समोर येऊन उभी राहायची आणि तेवढ्यात मागून गोल व्हायचा. मी एकदा सरांना म्हणालो, "सर, फार बाहेर राहता तुम्ही." ते म्हणाले, "आवं चौधरी सर, मी बी कुठंतरी न्हाई म्हणायला पायजे, पर लोकं प्रेमानं बोलवत्यात." ते खरं होतं. त्यांना प्रेमाला नाही म्हणता येत नव्हतं आणि आमच्या गावांत प्रेमाला लाउडस्पीकर असतो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना धुळ्याला होता. विद्यापीठाचा संघ तिथूनच निवडायचा होता. आम्ही एका गोलने पुढे होतो. मध्यंतराच्या थोडं आधी समोरच्या मुलीने जवळून मारलेला चेंडू सुमनने अडवला आणि ती उजवा हात पोटाशी धरून खाली बसली. मग उठली. शिट्टी वाजली. मुली धावत सरांकडे आल्या.

त्याच वेळी नाना पाहुण्यांना घेऊन मैदानात शिरले. मध्यंतरात सत्कार ठेवला होता. फेटेवाला, शाल, श्रीफळ, माईक, वर ड्रोन. सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षकाचा सत्कार करायचा, ही कल्पना आमच्याच गावाला सुचू शकते. मुलींना एका रांगेत उभं केलं गेलं, फोटोत संघ दिसावा म्हणून. सुमन रांगेच्या टोकाला होती. ती पुढे होऊन म्हणाली, "सर, हात..." फेटा बांधणं चाललं होतं, सरांना मान वळवता येत नव्हती. ते म्हणाले, "एक मिनिट, पोरी." निवेदकाने जाहीर केलं, "आता इंगवले सर आपल्याला मार्गदर्शन करतील."

मला वाटलं, ते आता माईक बाजूला सारतील. त्यांनी तो हातात घेतला. प्रेक्षकांकडे तोंड, मुलींकडे पाठ. धुळेकरांचे आभार मानले, नानांचं कौतुक केलं आणि तो गोल सांगितला. कप नव्हते, म्हणून हातांनी सांगितला. खेळाडू किती होते ते मी मोजले नाहीत. बशी वाजायची जागा आली तेव्हा लोकांनी जल्लोष केला आणि रांगेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. सुमननेही वाजवल्या. उजव्या हाताची बोटं ती डाव्या तळव्यावर हळूच टेकवत होती. मी ते बघत होतो आणि मला ते तेव्हा फक्त चमत्कारिक दिसलं.

मध्यंतरानंतर आमच्यावर तीन गोल झाले. तिन्ही तिच्या उजव्या बाजूने. आमच्या एक मॅडम तिला दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा कळलं की दोन बोटं मोडलेली होती. निवड समितीने दुसरी गोलकीपर घेतली. परतीच्या वाटेवर नाना गाडीत म्हणाले, "सामना गेला, पण कार्यक्रम मस्त झाला." आम्ही माना डोलावल्या. गाडी नानांची होती.

इंगवले सरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. कोल्हापूरला जाण्याआधी ते मला म्हणाले, "एकदा पारोळ्याकडं जाऊन येऊ. एकट्याला तोंड दाखवायचं धाडस न्हाई माझ्यात."

आबांनी मागच्यासारखंच "या भाऊ, बठा" म्हटलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे बसणं अवघड झालं. सर म्हणाले, "आबा, माझा शब्द गेला." आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या सर. तुम्हले बी कामं ऱ्हातस. आते आम्हीन सोयरीक दखी राहिनूत."

सुमन डाव्या हाताने पाण्याचा तांब्या घेऊन आली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तांब्या ठेवून ती आत गेली नाही. दाराशी उभी राहिली.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी हाफटाइमला तुम्ही आम्हाला काय सांगितलं होतं?"

नानांचं नाव घेणं किती सोपं होतं. फेट्याचं, पाहुण्यांचं, कोणाचंही. आबासुद्धा त्यांनी ते घ्यावं म्हणून वाट बघत असल्यासारखे वाटले. इंगवले सरांनी मान वर केली नाही.

"काय न्हाई, पोरी. सांगितलंच न्हाई. सकाळपासनं डोक्यात भाषणच घोळत हुतं. तुमच्यासाठी मी काय ठरवलंच न्हवतं."

सुमनचा चेहरा इतका मोकळा झाला, की मला तिच्याकडे बघवेना.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मी टोकाला होते ना. मला वाटत होतं, तुम्ही सांगितलं आणि माझंच ऐकायचं राहिलं."