बीबीच्या पत्त्यावरून पडलेल्या थपडा

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, चिखलीत माझ्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात एका राउटरचा दिवसाढवळ्या खून झाला. हत्यार : प्लास्टिकचं स्टूल.

मारणारा बीबी गावचा, लेकीला घेऊन आलेला एक धिप्पाड बाप. लेकीच्या नर्सिंग प्रवेशाचा फॉर्म पाचला बंद होणार, आणि रांगेत सुलतानपूरचा एक चष्मेवाला मध्येच घुसला. स्टूल त्याच्या डोक्यासाठी निघालं होतं. तो वाकला आणि भिंतीवरचा राउटर ठार झाला. मग दोघे एकमेकांच्या उरावर. खुर्ची मोडली, काउंटरची काच फुटली, चष्मेवाल्याचं नाक रक्ताने माखलं. मी त्यांना चेव आणत होतो, असं बायको म्हणते. साफ खोटं. मी मॉनिटर कवटाळून नुसता ओरडत होतो.

साडेचार झाले. कपाटात दुसरा राउटर होता, पण केबलवाल्याकडे नोंद जुन्याच्या मॅक अ‍ॅड्रेसची. म्हणजे कारखान्यातच यंत्राला चिकटलेला बारा अक्षर-आकड्यांचा पत्ता. तो ओळखीचा दिसला तरच केबलवाला नेट सोडतो. त्याचा फोन लागेना. मोबाईलच्या नेटवर फॉर्मचं पान उघडेना. उपाय एकच : जुना पत्ता नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये, बाहेरून केबल येते त्या पोर्टला टाकायचा. मेलेल्याचं आधार कार्ड जित्याच्या खिशात!

पत्ता जुन्याच्या पोटावरच्या स्टिकरवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. दुकानात चष्मा एकच, तोही आता एका काडीचा.

“वाचा भाऊ,” मी म्हटलं.

नाकाला रुमाल लावून तो वाचू लागला. “सी, चार. दोन, नऊ. बीबी...”

फाट्!

“काऊन बे, माह्या गावाचं नाव घेतं?” बापाने त्याची कॉलर धरली.

“अहो, लिहेल हाय ते!”

“मले शिकवतं?” दुसरी बसली.

मी मध्ये पडलो, तर बापाचं कोपर माझ्या दातावर. तोंडात रक्ताची चव आली. तेवढ्यात लेक किंचाळली, “बाबा, पावणेपाच झाले!”

मारणं थांबलं, कॉलर सुटली नाही. वाचन पहिल्यापासून सुरू झालं. बाराही टाकले, सेव्ह केलं. नेट नाही! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या खेपेला त्याने ‘आठ, आठ’ सांगितलं होतं. राउटर आणि त्याचा चष्मा हिसकावून पाहिलं, तर तिथे दोन ठसठशीत बी.

“आठ कुठाय हो यात?”

“मंग काय म्हनू?” तो कुजबुजला. “पुन्हा बीबी म्हटलं तं हा जीवच घेईन माहा!”

आठ खोडून बी घातले. हिरवा दिवा लागला. मुलीने भराभर रकाने भरले, आणि पाचला दोन मिनिटं असताना पडद्यावर ‘अर्ज स्वीकारला’ उमटलं. बाप पडद्याकडे टक लावून कॉलर पिळतच होता, चष्मेवाला निळा पडत चालला होता.

लेक ओरडली, “बाबा, सोडा आता त्यायले, गेला फॉर्म!”