मामांच्या भजनाची सीडी

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. लॅपटॉपवर मी स्वतः लिनक्स टाकलं, आणि तेव्हापासून मी काळ्या पडद्यावर कमांडी टाइप करायला बसलो की बायको चहासुद्धा आवाज न करता ठेवते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर दिंडोरीहून सासरे आले. त्यांना मी मामा म्हणतो. द्राक्षबाग सांभाळून ते गावच्या भजनी मंडळात गायचे, शेजारच्या गावांतूनही त्यांना बोलावणं यायचं. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, आता नुसती कुजबुज उरलीय. माझी मुलगी त्यानंतर झाली, तिने आजोबांचा आवाज कधी ऐकलेलाच नाही.

मामांनी पिशवीतून एक सीडी काढली. मंडळाने नाशिकच्या एका स्टुडिओत भजनं रेकॉर्ड केली होती, त्यातली उरलेली ही एकच प्रत. म्हणाले, "हिला ऐकवा पाहुणे. आजोबा पहिल्यापासून असाच बोलतो, असं वाटतं तिला."

मी बाहेरचा ड्राइव्ह जोडला. सीडी फिरली, पण पडद्यावर काही दिसेना. मग मी ती हाताने माउंट करायला गेलो, म्हणजे पेनड्राइव्ह उघडतो तशी उघडायला. उत्तर आलं, सुपरब्लॉक खराब, म्हणजे फायलींची नोंदच वाचता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. झालं, मी चष्मा काढला आणि निकाल दिला, "मामा, ही गेली." वर हेही ऐकवलं, की सीडी अशी किल्ल्यांबरोबर पिशवीत कोंबतात का? बायको म्हणाली, "कुणाच्या तरी जुन्या प्लेअरवर लावून बघू या ना." मी तिच्यावर खेकसलो, "मशीन सांगतंय ना खराब आहे म्हणून!" जावयाचा शब्द खोडायची मामांकडे रीत नाही. सीडी पिशवीत टाकून ते गावी गेले.

फेब्रुवारीत ऑफिसातल्या मित्राने जुन्या गाण्यांची एक नवी करकरीत सीडी दिली. तिचाही सुपरब्लॉक खराब निघाला. तेव्हा कुठे मी शोधून वाचलं: गाण्यांच्या सीडीत फायली नसतातच, ती माउंट होत नाही, प्लेअरला सरळ वाजवायला सांगायची. सांगितलं, आणि ती लगेच वाजली. एवढंसं काम, आणि मी केवढा रुबाब केला होता.

मामांना फोन लावून सीडीचं विचारलं. कुजबुज कशीबशी ऐकू आली. "ती व्हय? बागेत टांगली. यंदा पाखरं लय झालीत." द्राक्षाच्या मण्यांत साखर भरू लागली की तिकडे बिनकामाच्या सीड्या तारेला बांधतात, त्या उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात. मीच तर ती बिनकामाची ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि मुलीला घेऊन दिंडोरी गाठली. मामांनी सीडी सोडवून हातात दिली. उन्हाने तिचा रंग उडाला होता, वर फवारणीचे पांढरे डाग. मी म्हणालो, "मामा, सीडी चांगली होती. मलाच वाजवता आली नाही." त्यांनी ओट्यावर आमच्यासाठी घोंगडी अंथरली.

मी सीडी पुसून लावली. पेटी वाजली, मागोमाग टाळ. मामांची मान डोलायला लागली, त्यांनी नातीकडे बघितलं. आता आवाज येणार, तेवढ्यात खरखर झाली आणि सगळं थांबलं. पुढच्या भजनांत तर पेटीसुद्धा आली नाही. मी वाकून उगाच बटणं दाबत राहिलो. वर बघायची माझी हिंमत नव्हती, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे बिघडली ना?"

मामांनी तिला जवळ ओढलं. "नाय गं," ते तिच्या कानाशी कुजबुजले, "बाबा तवाच बोलले होते ना, खराब हाय म्हणून? त्यांचंच बरोबर होतं."

तिला ते पटलं.