सोडवायचा की सोडायचा

परीक्षा अजून व्हायची आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत निकाल शोधत बसाल आणि मग मला शिव्या घालाल. एमबीएची प्रवेश परीक्षा मी दुसऱ्यांदा द्यायची की नाही, हे आमच्या घरात कसं ठरलं, तेवढंच मला सांगायचंय. शुक्रवार ते सोमवार, चार दिवसांचा मामला. पण त्या चार दिवसांत माझं काळीज जेवढं धडधडलं, तेवढं परीक्षेच्या हॉलमध्येही धडधडलं नव्हतं.

आमचं गाव रावेरजवळ. घरची केळी. मी जळगावला इंजिनिअरिंग केलं, वर्षभर तिथलाच एक क्लास लावून आणि अभ्यासिकेत बसून या परीक्षेची तयारी केली, आणि निकाल लागला तेव्हा ९३ पर्सेंटाइल आले. मी घरी फोन केला. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातला फक्त आकडा ऐकला. तिसऱ्या दिवशी गावी आले तर एसटी स्टँडवर माझा फ्लेक्स! '९३ टक्के गुण मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो बारावीतला, दोन वेण्यांचा. मी स्टँडवरच कपाळाला हात लावला.

"भाऊ, हे टक्के नाहीत," मी घरात पाऊल टाकायच्या आत म्हणाले. "शंभर जण बसले असं धरलं, तर त्र्याण्णव माझ्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ."

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "त्र्याण्णव मागं?"

"हो."

"म्हणजे हे तर टक्क्यांपेक्षा भारी झालं! फ्लेक्स लहानच झाला मग."

पुढे जे सहा-सातजण उरतात तेही देशभरात मोजले तर हजारोंनी निघतात, आणि मला हवी असलेली कॉलेजं त्यांच्यातच संपतात, हे मी सांगितलंच नाही. पेढे वाटून झाले होते.

मग मुलाखती झाल्या, आणि पुण्याच्या एका कॉलेजचं पत्र आलं. कॉलेज चांगलं होतं. फार चांगलं नव्हे, पण नाव सांगितलं तर लोक मान हलवतील असं. जागा घ्यायची की नाही ते सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. पत्र आलं त्या शुक्रवारी भाऊ नाचायचे तेवढे बाकी होते. मीही हसत होते. पण रात्रीच्या जेवणात भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मी परत परीक्षा देऊ का?"

आई चुलीपाशी होती. ती धुळ्याकडची. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी तिने तिची अहिराणी सोडलेली नाही. 'आहे'ला ती 'शे' म्हणते, म्हणून आमच्या गावातल्या बायका तिला 'शे-शे' म्हणून चिडवतात आणि ती त्यांना दुप्पट चिडवते. तिने वळून बघितलं.

"परत? तू नापास व्हयनी का?"

"नाही गं."

"मंग? बठ्ठा गावमा पेढा वाटी टाकात तुना बापनी. आते काय सांगशी?"

तिचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे परीक्षा परत देतो तो नापास. पूर्वी दहावीला आपटलेली पोरं ऑक्टोबरला बसायची, ती जन्मभर 'ऑक्टोबरवाली'च राहिली. आणि शहाण्यांची म्हण तर तयारच असते: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. भाऊंनी म्हण काढली नाही. ते एवढंच म्हणाले, "पण पोरी, गेल्या वेळी कमी काय पडलं?"

"वेळ," मी म्हणाले. आणि पटकन पाणी प्यायले, कारण ते खोटं होतं.

खरं काय ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अभ्यासिकेतल्या मैत्रिणींनाही नाही. लाज वाटत होती हो! पण शनिवारी सकाळी बागेत कापणी होती, मी भाऊंबरोबर गेले, आणि तिथे माझा बांध फुटला. माणसं घड खांद्यावर घेऊन येत होती, आईसकट बायका फण्या सुट्या करून धुऊन खोक्यांत भरत होत्या, ट्रक बांधावर उभा होता. भाऊ एका घडावरून हात फिरवत म्हणाले, "तुला पुरा वेळ मिळाला असता तर?"

"भाऊ, वेळ सगळ्यांना सारखाच होता. मी तो केळीत घालवला."

"केळीत?"

मग सांगितलं. गणिताच्या भागाला चाळीस मिनिटं. चौथा प्रश्न समोर आला तो केळीचा. एक व्यापारी काही डझन केळी घेतो, रोज उरलेल्यातली दहा टक्के सडतात, तो रोज इतकी विकतो, तर अमुक दिवसांनी किती उरतील? वाचल्याबरोबर माझं डोकं फिरलं. डझन? व्यापारी केळी डझनाने घेतो, क्विंटलने नाही? आणि पहिल्याच दिवसापासून सडतात? माल हिरवा आहे की पिकलेला, ते तरी सांगा! एकीकडे हा राग, दुसरीकडे गुर्मी. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीत जन्मलेली मी, आणि केळीचाच प्रश्न मला सुटणार नाही? एकदा केला, उत्तर पर्यायांत नाही. दुसऱ्यांदा केला, नाही. तिसऱ्यांदा केला. घड्याळात बघितलं तर चौदा मिनिटं गेलेली. मग रागाने एका पर्यायावर टिचकी मारली, तीही चुकली. आणि पुढे असे सोपे सोपे प्रश्न पडून होते, नुसते उचलायचे! त्यांतले पाच मी बघितलेसुद्धा नाहीत.

मला वाटलं भाऊ चिडतील. ते आधी खो खो हसले. मग एकदम गंभीर झाले. "सांग पुन्हा. किती डझन?"

आकडे मला तोंडपाठ होते. का नसतील? महिनोन् महिने तेच डोक्यात फिरत होते. भाऊ खाली बसले, काडी घेतली आणि मातीत मांडायला लागले. दोन मिनिटांत त्यांचाही पारा चढला.

"असं केळं सडते का कुठं? मले सांग, कोन्या गाढवाने काढला हा सवाल? कापल्यावर आठ दिवस त्याले काही होत नाही!"

"तेच तर म्हणते मी!"

"आणि दहा टक्के रोज? हा व्यापारी आहे का नमुना? याने वखारीत ठेवला नाही का माल?"

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. भाऊंनी हातानेच त्याला थांबवलं. दुसरा हॉर्न. शेवटी आईच खोकी ठेवून आली. आम्ही दोघं मातीत बसून भांडत होतो, एकमेकांशी नव्हे, त्या न बघितलेल्या प्रश्नकर्त्याशी. तिने सगळं ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवले.

"खाण तशी माती. बाप तसा आनि पोर तशी. दोन्हीसले सोडता येत नही."

भाऊ म्हणाले, "सोडवूच की, दोन मिन्टं थांब."

"सोडवाना नही. सोडाना!"

वर्षभर क्लासमध्ये सगळे प्रश्न सोडवायला शिकवत होते. प्रश्न सोडायला मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, प्रत्येक सर सांगतो, 'अडलं की पुढे जा'. पण ते मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. तेवढं एकच मला सोडता आलं होतं.

आणि मग आईने खरा प्रश्न विचारला. "समज, तू परत गयी. परत केळीनाच सवाल उना तर?"

"सोडून देईन."

"देशी?"

मला खात्री नव्हती. तेव्हा लख्ख कळलं, की माझी अडचण ना अभ्यासाची आहे ना वेळेची. पुण्याची जागा सोडून मी वर्ष घालवायचं, परत त्याच हॉलमध्ये जायचं आणि परत एखाद्या प्रश्नाशी नाक फुगवून भांडत बसायचं, तर त्यापेक्षा मुकाट्याने पुण्याला गेलेलं बरं. पण हा स्वभाव दुरुस्त होण्यासारखा असेल तर? तर मग मी कुठल्या कुठे जाईन! अंगावर काटा आला. मे महिन्याच्या उन्हात, रावेर तालुक्यात, अंगावर काटा.

रविवारी सकाळी मी लॅपटॉपवर नवा सराव पेपर लावला. आई म्हणाली, "मी बठस समोर."

"तुला इंग्रजी येत नाही, गणित येत नाही, तू काय करशील?"

"तुनं नाक मले वाचता येस."

ती तुरीची डाळ निवडायला घेऊन माझ्या समोर बसली. पेपर सुरू झाला. पहिले दोन प्रश्न सुटले. तिसऱ्याला मी अडले. खरं तर सुटतच आला होता, एक पायरी राहिली होती.

"सोड!"

मी दचकले. "अगं, होतंय माझं."

"नाक फुगनं. सोड!"

दात-ओठ खात सोडला. पुढचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. त्याच्या पुढचाही. सातव्याला परत "सोड!" अकराव्याला मी तिच्याकडे बघून डोळे वटारले, तर तिने डाळीचं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "भांडानं व्हई तं ये, डाळ निवड." मला हसू आलं आणि हसता हसता प्रश्न सुटला. भाऊ दारात उभे होते. त्यांना राहवेना. एका प्रश्नाला तेही ओरडले, "सोड!" आई त्यांच्यावर खेकसली, "तुम्ही नका सांगू, तुमले सोता सोडता येस नही." सोता म्हणजे स्वतः. भाऊ गप ओट्यावर जाऊन बसले.

चाळीस मिनिटं संपली. तिने मला सहा वेळा सोडायला लावलं होतं. गुण बघितले आणि मी खुर्चीवरून उठलेच. याच भागात एरवी माझे बारा प्रश्न बरोबर यायचे. एकोणीस आले होते. एकोणीस! मी आईला उचलायला गेले, डाळ सांडली, ती ओरडली, भाऊ आत धावले, काय झालं काय झालं. दुपारी दुसरा पेपर दिला. अठरा. संध्याकाळी मी आईला म्हणाले, "तू शेजारी जा, मी एकटी देते." आणि त्या पेपरात मी मनातल्या मनात तिच्याच आवाजात ओरडत राहिले. तोंडाने बोलले नाही एवढंच. सतरा आले. कमी आले, पण ते माझे एकटीचे होते, आणि मला त्या सतराचा आनंद एकोणिसापेक्षा जास्त झाला. मी अंगणात नुसत्या फेऱ्या मारत होते. बसवेना, जेववेना.

पण सराव तो सराव. सोमवार उजाडला. पुण्याची जागा खरी होती. छापील पत्र होतं, माझं नाव होतं, वसतिगृहाचे नियमसुद्धा आले होते. पुढच्या वर्षी यातलं काहीच मिळालं नाही तर? भाऊ सकाळीच म्हणाले, "तू ठरव. फ्लेक्सचं टेन्शन घेऊ नको, लोकांचं मी बघतो." आणि शेतात निघून गेले. ते मुद्दाम गेले हे मला कळलं.

साडेचारला मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन चौकटी: जागा स्वीकारते, जागा सोडते. आई कालच्याच जागी समोर बसली. आज हातात काही काम नव्हतं. मी चौकटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. माझं नाक नक्की फुगलं असणार, श्वासच तसा चालला होता. मी वाट बघत होते. ती एक शब्द म्हणेल आणि मी दाबेन. उद्या चुकलंच तर म्हणता येईल, तूच म्हणाली होतीस.

ती काही बोलली नाही.

पावणेपाच झाले. पाचला दहा कमी. तिने पदराने कपाळ पुसलं, ओठ घट्ट मिटले आणि बघत राहिली. मग मीच मोठ्याने म्हणाले, "सोड!" माझा आवाज केवढा तरी चिरकला. आणि बोट दाबलं.

पडद्यावर दोन ओळी आल्या, आपला निर्णय नोंदवला आहे वगैरे. मला एकदम हसू फुटलं, आनंदाचं आणि भीतीचंही. मी आईला म्हणाले, "तू बोलली का नाहीस? काल तर एवढी ओरडत होतीस."

तिचे डोळे भरले होते.

"काय बोलनी असती? मना जीव तं म्हने, धरी ठेव."