मंगलच्या पुस्तकातलं एक वाक्य

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मच्छीमार्केटात होते. घेतलेली सुरमई परत दिली आणि रिक्षा केली. आजार लांबला होता, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. तिच्या पुस्तकाबद्दल मात्र माझं मत सांगायचं राहिलंय.

बालपण आणि आई, एवढाच त्याचा विषय. ‘जन्मदात्रीला चव्हाट्यावर आणलंन,’ असं रत्नागिरीत बरेच जण म्हणाले. आम्ही पालीला शेजारी राहायचो. मी सगळं पाहिलेलं आहे. फोकाचे वळ, तापलेल्या पळीचा डाग, केस धरून उंबऱ्यावर आपटलेलं डोकं... तिने एक फटका वाढवून लिहिलेला नाही. पुस्तक चांगलं आहे. त्यात एकच वाक्य खोटं आहे: ‘आंब्याचा चीक उडून हात भाजला.’ इकडे कुणीही विश्वास ठेवेल. हंगामात चीक कुणाला लागत नाही?

झालं ते असं. बागेत मंगलच्या हातून आंब्यांची टोपली पडली. तिची आई, म्हणजे आमची काकी, माझ्यावर ओरडली, ‘धर गो तिला!’ मी अकरा वर्षांची. धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. काकी एकेका आंब्याचा देठ मोडून चीक तिच्या हातावर चोळत गेली, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि मग तिला तसंच उन्हात उभं केलं. चोळत असताना मंगल लाथा झाडत होती, मला कडकडून चावली. मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची कातडी काळी पडली, मग सोलली.

पुस्तक वाचून मी तिला विचारलं होतं, ‘एवढं सगळं लिहिलंस, मग चीक उडाला कसा गो?’

‘त्यात तू होतीस ना,’ ती म्हणाली. ‘चहा घे, निवतोय.’

तेराव्यानंतर मी पालीला गेले. काकीला आता दिसत नाही. खाटेवरूनच म्हणाली, ‘माझ्याबद्दल काय लिहिलंन ते वाच. गाळू नको.’ मी वाचत गेले. पळीचं आलं, तेव्हा ‘पुढे वाच,’ म्हणाली. चिकाच्या पानावर मी थांबले आणि वाचलं, ‘आईने चीक चोळला. शेजारच्या मुलीने हात धरून ठेवला.’

काकी म्हणाली, ‘तुझंपण लिहिलंन?’

‘हो.’

‘मग खरं लिहिलंन.’

मी वाचलं ते पुस्तकात नाही. आता इथे आहे.