न केलेली चढाई

वरसे गावात मला सगळे चढाईवाला म्हणूनच ओळखतात. कंपनीतल्या शिफ्टमधून उरलेला जीव मी कबड्डीला दिला. चाळिशी उलटली तरी गावच्या संघात पहिली चढाई माझीच. त्यामुळे धाप लागायला लागली तेव्हा वाटलं, सराव कमी पडतोय. मग काय, आणखी धावलो. पाय सुजले, आडवं झालं की जीव घुसमटायचा, तरी धावलो. अक्कल गहाण ठेवली होती म्हणा.

शेवटी बायकोने ओढत पेणला नेलं, रामवाडीच्या डॉक्टरांकडे. इको झाला. हृदय फुगून सैल पडलंय, रक्त नीट ढकलत नाही, म्हणाले.

"दमलेल्या हृदयाला शरीर सारखं पळ, पळ म्हणून डिवचतंय. ही गोळी ते डिवचणं अडवेल. ठोके मंदावतील, हृदयाला भरायला सवड मिळेल, हळूहळू ताकद येईल. आधी मात्र जास्तच थकल्यासारखं वाटेल. मनाने बंद करायची नाही."

नाही सुधारलं तर छातीत मशीन बसवावं लागेल, हेही सांगून टाकलं.

थकलो तरी किती! अंघोळ करून आलं की बसावं लागायचं. बोटं गार. जरा सवय होतेय तोवर डोस वाढायचा आणि पुन्हा तेच. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ही गोळी तुमाला बसवते हाय."

"बसवू दे. तिरडीवर निजन्यापेक्षा बरा."

गावदेवीच्या जत्रेतल्या अंतिम सामन्याआधी संघातले दोघे घरी आले. म्हणे, दोन दिवस गोळी सोड, रक्त गरम होईल, एकच चढाई कर.

माझं डोकंच फिरलं. "माझा रगत काय चहा हाय, गरम करायला? नाय येनार."

सामना बाहेर बसून पाहिला. एका गुणाने हरलो. मागून कुणीतरी म्हणालं, घाबरला. अंगाची लाही लाही झाली, पण छाती आपली संथच. एरवी अशा वेळी ती ढोल वाजवायची. त्या संथपणाचाही राग आला मला. घरी आलो, जेवलो आणि गोळी घेतली.

काही महिन्यांनी पुन्हा पेणला इको. डॉक्टरांनी पडद्यावरची मापं जुन्या रिपोर्टशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "आकार कमी झालाय. पंपिंग बरंच सुधारलंय. मशीन नको. गोळ्या मात्र चालूच."

"मग खेळू?"

"चाला, कामावर जा. कबड्डी नाही."

मी तोंड पाडून बसलो. बायको पुढे सरकली.

"डॉक्टर, म्हंजे हे म्हातारे व्हतील ना?"

"होतील की. गोळ्या घेतल्या तर का नाही होणार?"

तिने पदर तोंडाला लावला आणि तिथेच रडायला लागली. इतके महिने घरात एकदाही रडली नव्हती. माझ्या चढाईला अख्खं गाव ओरडलेलं मी ऐकलंय. पण मी म्हातारा व्हावं म्हणून कुणी रडताना आजवर पाहिलं नव्हतं.

"व्हतो गो म्हातारा," मी म्हटलं. "व्हतोच."